माळकऱ्याचा पेग: फीडिंग ट्यूबचा सव्वा वर्षाचा रिव्ह्यू

रेटिंग आधी देऊन टाकते, घाईत असणाऱ्यांनी तेवढं वाचून जावं. पोटातल्या ट्यूबला साडेचार स्टार. नाकातल्या नळीला दीड. डब्यातल्या पावडरीला तीन. ही ट्यूब आम्हाला ज्या पद्धतीने आणि ज्या वेळेला सांगितली गेली त्याला एक, आणि आमच्या आईच्या नाचणीच्या पेजेला पाच, त्यावर वाद नको.

आता सविस्तर. माझे वडील म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर होते, कराडला. गळ्यात माळ, घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी, आयुष्यात बडीशेपेपलीकडे कसली नशा नाही. रिटायर झाल्यावर वर्ष-दीड वर्षात त्यांची जीभ जड व्हायला लागली, शब्द एकमेकांना चिकटायचे, आणि संध्याकाळी दमले की जास्तच. पारावरच्या लोकांनी काय अर्थ काढला असेल ते तुम्हीच ओळखा. एकाने तर आईला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, अण्णा घ्यायला लागले काय ओ? माळकरी माणूस! अण्णांना ते कळल्यावर त्यांनी पारावर जाणंच सोडलं. डॉक्टर, स्कॅन, सुया टोचून करतात ती ईएमजी टेस्ट, असं करत करत सात महिन्यांनी नाव मिळालं, एएलएस, घशापासून सुरू झालेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या ज्या नसपेशी असतात त्या एकेक करून मरत जातात, कुणाचं हातापायापासून सुरू होतं कुणाचं जिभेपासून, आणि जिभेपासून ज्यांचं सुरू होतं त्यांना गिळण्याचा प्रश्न फार लवकर येतो. रिल्युझोल नावाची गोळी असते, ती वेग थोडा कमी करते, बरं करत नाही. नातेवाईक मात्र सगळे हॉकिंगचं उदाहरण देतात, अहो तो व्हीलचेअरवरचा शास्त्रज्ञ किती वर्षं जगला! हो, १९६३ ला निदान झालं आणि २०१८ ला गेला. पण तो अपवाद होता, म्हणून तर जगाला माहीत झाला ना. आमच्या मामांना हे सांगून सांगून मी थकले.

तर ट्यूब. गंमत बघा, हिचं नाव पेग. इंग्रजी आद्याक्षरांचं पी-ई-जी, डॉक्टर लोक सरळ पेग म्हणतात. पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, काकांना पेग घालून घेऊया, तशी आई माझ्याकडे बघायला लागली आणि अण्णा एवढ्या आजारपणात पहिल्यांदा हसले. तेव्हा बोलणं जवळजवळ बंद झालेलं, लहान मुलांची ती पुसायची पाटी असते त्यावर लिहायचे. त्यांनी लिहिलं, "माळ काढावी लागेल का?"

पण मॅडमपर्यंत पोचायच्या आधीचं सांगते, कारण तिथेच आमचे महिने गेले. ज्या हॉस्पिटलात आधी दाखवत होतो (नाव घेत नाही) तिथे मी दोनदा विचारलं होतं की वजन उतरतंय, ठसका लागतोय, काही करायचं का. उत्तर काय, तोंडाने जातंय ना? मग बघू पुढे. मला ते बरोबरच वाटलं तेव्हा, माणूस खातोय तर पोटाला भोक कशाला पाडायचं? तुम्हालाही तसंच वाटेल. म्हणूनच हा रिव्ह्यू लिहिते आहे, बाकी ट्यूबचं कौतुक करायला मला काय कमिशन मिळत नाही.

घोळ असा आहे की ट्यूब कधी बसवायची हे घशावर कमी आणि फुफ्फुसावर जास्त ठरतं. जो आजार घसा खातो तोच श्वासाचे स्नायू पण खातो, फक्त ते आतून चालू असतं, दिसत नाही. ट्यूब बसवताना एंडोस्कोपी करतात, आडवं झोपवतात, थोडी गुंगी देतात, आणि श्वास आधीच कमजोर असेल तर हे सगळं जोखमीचं होऊन बसतं. नळीत जोरात फुंकायची एक टेस्ट असते, एफव्हीसी म्हणतात, तिचा आकडा ५० टक्क्यांच्या खाली जायच्या आत ट्यूब बसवलेली बरी असं साधारण धरतात. खाली गेल्यावर बसवतच नाहीत असं नाही, बायपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवा देऊन श्वासाला हातभार लावणारं, ते लावून करतात, एक्सरेवर बघत बघत बसवायची दुसरी पद्धत पण आहे, पण धोका वाढतो. म्हणजे आपण वाट बघतो घास बंद व्हायची, आणि तो बंद होतो तेव्हा कदाचित दार लागलेलं असतं. मॅडमचं वाक्य मला पाठ आहे, आत्ता बसवा, वापरा नंतर, तोंडाने जातंय तोवर खुशाल खा. एवढं एक वाक्य आधीच्या ठिकाणी कुणी बोललं असतं तर!

अण्णांचा आकडा त्या दिवशी ५८ होता. वजन ६८ वरून ६० वर आलेलं. मॅडम म्हणाल्या महिन्याभरात करून टाका.

आम्ही महिन्याभरात केलं नाही. इथे दोष हॉस्पिटलचा नाही, आमचा. आत्या आल्या, म्हणाल्या, पोटाला भोक पाडून जगवायचं म्हणजे काय जगणं रे हे, पांडुरंगाच्या मनात असेल तेवढं खाईल. दादा म्हणाला खर्चाचा प्रश्न नाही पण पुढे किती ओढायचं ते बघा. आईचं तर एकच, मी करून घालते ना मऊ भात, माझ्या हातचं जातंय त्यांना. आणि खरंच ती दीड दीड तास एका जेवणाला बसायची. भाताचा एक घास, मग ठसका, मग पाठ चोळायची, मग परत घास. जेवण होईपर्यंत अण्णा घामाघूम, आणि पोटात गेलेलं किती तर चार चमचे. आम्ही सगळे अण्णांबद्दल अण्णांच्या समोर बोलत होतो, आणि पाटी तिथे कॉटवर पडलेली, कुणी त्यांच्या हातात देईना.

मग व्हायचं ते झालं, श्वासनलिकेत अन्न गेलं, न्यूमोनिया, ९ दिवस अ‍ॅडमिट, आणि नाकातून नळी. रायल्स ट्यूबला दीड स्टार का ते आता सांगते. ती तात्पुरत्या कामाला ठीक आहे, कापाकापी नाही, लगेच घालता येते, स्वस्त आहे. पण नाक सोलतं, घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं होतं, आधीच ज्याला थुंकी गिळता येत नाही त्याची चिकट लाळ त्या नळीभोवती गोळा होते. अण्णांनी झोपेत दोनदा उपसून काढली. दुसऱ्यांदा परत घालताना त्यांनी नर्सचा हात धरला आणि सोडेनात. आणि चेहऱ्यावर ती पट्टी चिकटवलेली असली की भेटायला येणारा माणूस तिकडेच बघत बसतो, डोळ्यांत बघून बोलत नाही.

घरी आल्यावर मीच पाटी दिली. म्हणलं अण्णा, आमचं सगळ्यांचं ऐकलंत, आता तुमचं सांगा. त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या, पुसत पुसत. पहिली, "नंतर बंद करता येते का". मी फोनवर मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या ट्यूब बसवली म्हणजे घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही, शुद्धीवर आहेत तोवर फीड घ्यायचं की नाही ते काकाच ठरवणार. दुसरी, "गळ्याला भोक नको". म्हणजे पुढे श्वास गेला तर ट्रॅकिओस्टॉमी करून मशीनवर टाकू नका. आणि तिसरी, "चहा?"

हे जे दोन वेगळे प्रश्न आहेत ना, पोटाचं भोक आणि गळ्याचं भोक, ते आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच होऊन बसले होते. आत्यांना वाटत होतं ट्यूब म्हणजे व्हेंटिलेटरची पहिली पायरी. तसं नाहीये. अण्णांनी एकाला हो म्हणलं आणि दुसऱ्याला नाही, पाच मिनिटांत. आम्ही दोन महिने घातले होते. दादाने मग ते दुसरं रीतसर लिहून पण घेतलं, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते, आणि २०२३ पासून ते सोपं केलंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही, आधीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. सही तेव्हा येत होती. आज येत नाही.

बसवायच्या दिवशी आकडा ५१. वजन ५६. बायपॅप शेजारी तयार ठेवून केलं. आत काय करतात ते मी डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं होतं कारण मला न बघितलेल्याची जास्त भीती वाटते. तोंडातून दुर्बीण पोटात, दुर्बिणीचा दिवा पोटाच्या कातडीतून बाहेर दिसतो, म्हणजे अंधारात टॉर्च हातावर धरल्यावर लाल दिसतं तसं, तिथे बोटाने दाबून जागा पक्की करतात, जागा बधीर करून सुई, सुईतून दोरा, तो दोरा दुर्बिणीने तोंडातून बाहेर, त्याला ट्यूब बांधायची आणि पोटाच्या भोकातून ओढून घ्यायची. आत एक बटणासारखी चकती अडकते, बाहेर दुसरी. मोठं ऑपरेशन नाही, पोट फाडत नाहीत. युक्ती अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी काढलेली, १९७९-८० साली, ती पण मुळात लहान बाळांसाठी. अर्ध्या तासात अण्णा बाहेर. आमची ट्यूब २० फ्रेंच मापाची, म्हणजे जाडी साडेसहा मिलीमीटरच्या जरा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी नुसतं पाणी, मग हळूहळू फीड. तीन-चार दिवस खोकताना आणि कुशीवर वळताना दुखतं, ते कुणी सांगत नाही, मी सांगते. पेनकिलर मागून घ्या, लाजू नका.

वापर. दिवसाला पाच फीड, २५० मिलीचं एक. मोठी सिरिंज, दट्ट्या काढून नुसतं फनेलसारखं धरायचं आणि ओतायचं, आपोआप उतरतं, हात वर घेतला की वेगात, खाली घेतला की हळू. लाइट लागत नाही, मोटर नाही, बिघडायला काही नाही. पाठ उंच करूनच द्यायचं आणि नंतर पाऊण-एक तास तसंच बसवून ठेवायचं. आधी आणि नंतर कोमट पाणी सोडायचं, हे ज्याने चुकवलं त्याची ट्यूब तुंबली म्हणून समजा. जिथे आधी दीड तास जात होता तिथे २० मिनिटं. उरलेल्या वेळात आई त्यांना हरिपाठ वाचून दाखवते, पूर्वी त्या वेळात ती पाठ चोळत असायची. साडेचार स्टारांतले तीन मी नुसत्या ह्याला दिलेत.

एक आमची घरगुती सोय सांगते. सुरुवातीला मी सिरिंज धरायचे तेव्हा किती वेगात जातंय ते अण्णांना सहन होतंय का कळायचं नाही. दादाने कॉटला दोरी बांधून घंटी लावली. अण्णांनी मग स्वतःच ठरवलं, सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे जाऊ दे. एवढी वर्षं हातात तीच दोरी होती ना. मी ड्रायव्हर.

तुंबण्याबद्दल. आषाढीला अण्णांनी पाटीवर लिहिलं "आज भगर". डाएटिशियनने अंडं सुचवलं होतं ते माळेमुळे आम्ही आधीच नाकारलेलं, त्यामुळे तिचा आमच्यावर राग होताच. आईने भगरीची पेज केली, मिक्सरमधून काढली, गाळली, आणि तरी ती ट्यूबमध्ये जाऊन गार झाली आणि खळ झाली, चक्क खळ. एकादशीच्या दिवशी मी दोन तास कोमट पाणी हळूहळू मागेपुढे करत बसले होते. जोर लावू नका, तार तर अजिबात घालू नका, कोमट पाणी आणि सबुरी. कुणी कोल्ड्रिंक सोडा म्हणतं, त्याचा काही विशेष उपयोग नाही. गोळ्या द्यायच्या तर पूड एकदम बारीक, एकेक वेगळी, आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांना विचारून त्याऐवजी पातळ औषध घ्या.

पावडरीला तीन स्टार कारण हिशोब सोपा होतो, किती कॅलरी गेल्या ते कळतं, प्रवासात बरी. पण महाग आहे, डबा बघता बघता संपतो, आणि वास असा की आई म्हणते हे माणसाला द्यायचं का भिंतीला. आम्ही तीन फीड पावडरीचे आणि दोन घरचे करतो. नाचणीची पेज, मुगाचं वरण, ताक, सगळं दोनदा गाळून. आधी मिक्सरमधलं जेवण म्हणजे काय जेवण म्हणून रडणारी आई आता शेजारणीला सांगते, आज त्यांना पालक घातलेलं वरण दिलं. दिलं म्हणते हं, ओतलं नाही म्हणत.

देखभाल फार नाही. भोकाभोवती रोज साबण-पाणी, कोरडं करायचं, जखम बसल्यावर ट्यूब रोज गोल फिरवायची आणि सांगितलं तशी थोडी आतबाहेर करायची, नाहीतर आतली चकती पोटाच्या भिंतीत रुतते. बाहेरची चकती घट्ट आवळू नका. भोकाच्या कडेला लालसर ओलं मांस वाढलं होतं एकदा, घाबरले, पण तो नेहमीचा प्रकार निघाला, दवाखान्यात औषध लावून बसलं. रात्री बायपॅपमुळे पोटात हवा भरते तेव्हा ट्यूबचं टोपण उघडलं की हवा निघून जाते, हा फायदा कुठल्या माहितीपत्रकात नव्हता, आम्हालाच लागला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब निघून आली तर भोक काही तासांत आवळायला लागतं, तेव्हा सकाळी बघू म्हणायचं नाही, लगेच निघायचं. नवीन असताना निघाली तर स्वतः काही परत घालायचा प्रयत्न करू नका.

अर्धा स्टार कुठे कापला? अकराव्या महिन्यात ट्यूब बदलली, आणि पहिली चकतीवाली ट्यूब बाहेरून ओढून काढतात, तो एक क्षण फार वाईट होता. आता फुग्याची आहे, आत पाण्याचा फुगा, दर आठवड्याला पाणी किती आहे ते बघायचं, काही महिन्यांनी बदलायची, पण बदलणं एकदम सोपं. खर्च म्हणाल तर आमचं पहिलं बिल सगळं धरून चाळीस हजाराच्या आसपास झालं, शहर आणि हॉस्पिटल बघून ते कमी-जास्त होणार. नर्सिंग ब्युरोची बाई आठच दिवस ठेवली, ती मोबाइल बघत फीड सोडायची, त्यापेक्षा आईचा हात बरा.

ट्यूब काय करत नाही ते पण ऐका, नाहीतर माझ्यावर रागवाल. आजार थांबत नाही. अण्णांचे हात गेले, मान गेली. लाळ घशात जायची ती जातेच, त्यामुळे न्यूमोनियाचा धोका पूर्ण जात नाही, सक्शन मशीन वेगळं लागतं. वजन ५६ चं ५९ झालं आणि आता तिथेच आहे, ६८ परत आलं नाही. ट्यूबमुळे आयुष्य नक्की किती वाढलं हे कुणी छातीठोक सांगणार नाही. मॅडमच्या ओपीडीत बाहेर एक रिटायर्ड शाळामास्तरीण भेटायच्या, त्यांनी ट्यूब नको म्हणून सांगितलं, मुलांनी ऐकलं, चमच्याने जेवढं जाईल तेवढं, त्रास होऊ नये म्हणून औषधं. त्या गेल्यावर त्यांच्या मुलीशी फोनवर बोलले, ती म्हणाली आईने ठरवलं होतं म्हणून आम्हाला झोप लागते. मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. मला चुकलं वाटतं ते आमचंच, अठ्ठावन्न होता तेव्हाचं.

चहाचं राहिलं. पातळ पदार्थ घशाला सगळ्यात धोक्याचा, त्यामुळे तोंडाने चहा बंदच. स्पीच थेरपिस्टने सांगितलं म्हणून आम्ही कापसाचा बोळा चहात बुडवतो, चांगला पिळून, ओठांवर आणि जिभेच्या टोकाला लावतो. बाकी अर्धा कप ट्यूबमधून. एकदा साखर राहिली घालायची, ट्यूबला काय फरक पडतो म्हणून मी तसाच सोडायला निघाले तर अण्णांनी घंटी वाजवली, सिंगल.

घंटीचा हात आता उचलत नाही, तर डोळ्यांवर आलोय. एकदा मिटले तर थांब, दोनदा मिटले तर जाऊ दे. उद्या कार्तिकी आहे. भगर ह्या घरात आता कायमची बाद. आईने राजगिऱ्याचं पीठ आणलंय, पातळ पेज करून तीनदा गाळणार म्हणते, आधी जुन्या ट्यूबच्या तुकड्यातून ओतून बघायचं ठरलंय, गार झाल्यावर खळ होते का ते.